ड्रम फिल अंगावर का येतो? तीन सेकंदांच्या धडाक्यामागचं मिक्सिंग समजून घ्या

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये एक व्हिडिओ तुफान व्हायरल झाला होता. अमेरिकेतले दोन जुळे भाऊ जुनी गाणी आयुष्यात पहिल्यांदा ऐकतात आणि कॅमेऱ्यासमोर प्रतिक्रिया देतात, असं त्यांचं चॅनल. त्या दिवशीचं गाणं होतं फिल कॉलिन्सचं 'इन द एअर टुनाइट'. साडेतीन मिनिटं गाणं आपल्या संथ लयीत चाललेलं असतं आणि अचानक ड्रम्स कोसळतात. दोघं भाऊ असे दचकतात की बघणाऱ्यालाही हसू येतं. या व्हिडिओनंतर १९८१ सालचं ते गाणं पुन्हा आयट्यून्सच्या यादीत वर जाऊन बसलं.

तो धडाका जेमतेम तीन सेकंदांचा आहे. वाजवायलाही फार अवघड नाही, महिनाभर ड्रम्स शिकलेला मुलगा बसवू शकतो. मग चाळीस वर्षांनंतरही तो अंगावर का येतो? आणि आज लॅपटॉपवर घरीच गाणी मिक्स करणाऱ्या कित्येक बँड्सचा फिल, ड्रमरने घाम गाळून वाजवलेला असूनही, पुठ्ठ्याच्या खोक्यावर टिचकी मारल्यासारखा का वाजतो?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर बऱ्याच अंशी एकच आहे. फिलचा दणका फिलच्या आवाजात कमी आणि त्याच्या आजूबाजूला काय चाललंय यात जास्त असतो.

आधी फिल म्हणजे काय?

रॉक गाण्यात ड्रमर एक ठरलेला ठेका धरून असतो. किक, स्नेअर, हाय-हॅट, पुन्हा किक, पुन्हा स्नेअर. गाणं एका भागातून दुसऱ्या भागात जायला लागलं, म्हणजे कडवं संपून धुवपद येणार असलं, की तो ठेका क्षणभर मोडतो आणि टॉम्सवरून काठ्या फिरवत एक छोटा तुकडा वाजवतो. तो तुकडा म्हणजे फिल. टॉम्स म्हणजे ड्रम सेटमधले ते दोन-तीन गोल, घुमणारे ड्रम. लहान टॉम वर बसवलेले असतात, मोठा फ्लोअर टॉम जमिनीवर उभा असतो.

आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. समेवर येण्याआधी तबलजी तिहाई घेतो. ढोल-ताशा पथकात ताशाची तर्री उठते आणि मग ढोलांचा पहिला ठोका पडतो. फिलचं कामही तेच. पुढे काहीतरी मोठं येतंय, सावरून बसा, असं तो ऐकणाऱ्याला सांगतो. हा निरोप पोचला नाही, तर धुवपदही निम्मं पडतं. म्हणून मिक्स करणारे लोक या दोन-तीन सेकंदांवर तासच्या तास घालवतात.

मग तो मिक्समध्ये मरतो कसा?

टॉमच्या आवाजाचे ढोबळमानाने तीन भाग पाडता येतात. एक खालचा घुमारा. फ्लोअर टॉमचा घुमारा साधारण ६० ते १०० हर्ट्झच्या आसपास असतो, लहान टॉमचा थोडा वर. दुसरा भाग काठी कातड्यावर आपटल्याचा 'टक्' असा आवाज, तो ३ ते ६ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात येतो. आणि मधे ३०० ते ६०० हर्ट्झला एक डबा वाजवल्यासारखा आवाज असतो, जो फारसा कुणालाच नको असतो.

आता रॉक गाण्यात या जागांवर आधीच कोण बसलंय ते बघा. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झला वाजते आणि तिथून वर जागा व्यापते. इलेक्ट्रिक गिटारची जाड तार ८२ हर्ट्झला. त्यात डिस्टॉर्शन लावलेल्या दोन-तीन गिटार एकमेकींवर चढवल्या, की पार ५ हजार हर्ट्झपर्यंत भिंत उभी राहते. टॉमचा घुमारा बेस खातो, 'टक्' गिटार खाते, आणि शिल्लक राहतो तो मधला डबा. पुठ्ठ्याचं खोकं ऐकू येतं ते इथून.

अशा वेळी नवशिक्याचा हात सरळ फेडरकडे जातो. टॉम वर कर, अजून वर कर. आवाज मोठा होतो, पण दणका येत नाही. कारण डबा आता आणखी जोरात वाजत असतो.

लंडनच्या स्टुडिओत चुकून दाबलेलं बटण

फिलचा आवाज मोठा कसा करायचा याचा इतिहास सांगायचा तर लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत जावंच लागतं. १९७९-८० च्या सुमारास तिथे पीटर गॅब्रिएलचा तिसरा अल्बम रेकॉर्ड होत होता. निर्माता स्टीव्ह लिलीव्हाइट, रेकॉर्डिंग इंजिनिअर ह्यू पॅजम, आणि ड्रम्सवर बसला होता फिल कॉलिन्स. दोघेही जेनेसिस या बँडमधले जुने सहकारी. गॅब्रिएलने एक विचित्र अट घातली होती: या अल्बममध्ये सिम्बल वाजवायच्या नाहीत.

स्टुडिओत एसएसएल कंपनीचं नवं मिक्सिंग कन्सोल होतं. त्यात एक साधी सोय होती. वादकांच्या खोलीत छताला एक माइक टांगलेला असायचा आणि एक बटण दाबलं की वादक काय बोलतायत ते इंजिनिअरला ऐकू यायचं. कुणी हळू बोललं तरी कळावं आणि कुणी जोरात वाजवलं तरी कान फाटू नयेत, म्हणून त्या माइकला अतिशय कडक कॉम्प्रेसर जोडलेला होता. कॉम्प्रेसर म्हणजे मोठा आवाज दाबणारं यंत्र. मोठा आवाज दाबून सगळीच पातळी वर उचलली, की बारीक आवाजही मोठे वाटायला लागतात.

कॉलिन्स ड्रम्स वाजवत असताना हे बटण चालू राहिलं आणि स्पीकरमधून जे बाहेर आलं त्याने खोलीतले सगळे चक्रावले. दगडी भिंतींच्या त्या खोलीतला घुमारा, जो एरवी मागे कुठेतरी असतो, तो कॉम्प्रेसरने ओढून थेट पुढे आणून ठेवला होता. मुळात तो माइक रेकॉर्डिंगसाठी नव्हताच, त्यामुळे त्याचा आवाज टेपवर घेता यावा म्हणून कन्सोलच्या तारा बदलून घ्याव्या लागल्या. त्याच्या जोडीला पॅजमने नॉइझ गेट लावला. गेट म्हणजे दरवाजाच, आवाज ठरावीक पातळीच्या खाली गेला की तो धाडकन बंद होतो. परिणाम असा की खोलीचा प्रचंड घुमारा येतो आणि विरत जाण्याऐवजी कापल्यासारखा थांबतो.

गॅब्रिएलच्या 'इन्ट्रूडर' या गाण्यात हा आवाज पहिल्यांदा लोकांसमोर आला, १९८० साली. पुढच्याच वर्षी कॉलिन्स आणि पॅजम या जोडीने तो 'इन द एअर टुनाइट'मध्ये वापरला. नंतर ऐंशीचं दशक या 'गेटेड रिव्हर्ब'ने अक्षरशः भरून गेलं, इतकं की नव्वदीत लोकांना त्याचा वीट आला.

गेट का लागला, हे समजून घेण्यासारखं आहे. समजा गाणं मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत आहे आणि ड्रमर एका ठोक्यात चार फटके वाजवतोय. दोन फटक्यांमधलं अंतर झालं एका सेकंदाचा आठवा भाग. तिथे दोन सेकंद घुमणारा रिव्हर्ब लावला, तर पहिला फटका विरायच्या आत पुढचे पंधरा येऊन आपटतात आणि सगळ्याचा चिखल होतो. गेटमुळे प्रत्येक फटक्याला मोठी खोलीही मिळते आणि पुढच्या फटक्याला जागाही. सिम्बल नसण्याचा फायदाही इथेच. सिम्बल लांबपर्यंत झणझणत राहते, आणि एवढ्या कडक कॉम्प्रेसरमधून गेली असती तर ड्रम्स तिच्याखाली बुडाले असते.

पण या गाण्याबद्दल बोलताना लोक गेटेड रिव्हर्बवर थांबतात आणि निम्मी गोष्ट सुटते. अल्बममधल्या गाण्यात फिल येतो ३ मिनिटं ४० सेकंदांच्या आसपास. तोपर्यंत कॉलिन्सने खऱ्या ड्रमला हातच लावलेला नाही. मागे रोलंड कंपनीचं सीआर-७८ हे ड्रम मशीन टिकटिकत असतं, सिंथेसायझरचे लांब सूर असतात आणि गाणाऱ्याचा आवाज. खालच्या पट्ट्यात जवळपास रिकामं मैदान. त्या मैदानात टॉम्स उतरतात. तोच फिल, तोच रिव्हर्ब, पण गिटारच्या भिंतीमागे ठेवला असता तर जुळे भाऊ दचकले असते का, शंकाच आहे.

यावर खुद्द रेकॉर्ड कंपनीचा विश्वास नव्हता. अटलांटिक रेकॉर्ड्सचे प्रमुख अहमत एर्टेगुन यांना वाटलं, एवढा वेळ ठेका नसेल तर श्रोता गोंधळेल. म्हणून सिंगलच्या आवृत्तीत सुरुवातीच्या भागातही ड्रम्स भरले गेले. दोन्ही आवृत्त्या एकामागोमाग ऐकून बघाव्यात. सिंगलमध्ये फिल येतो तेव्हा ड्रम्सची सवय आधीच झालेली असते.

प्रत्यक्ष मिक्समध्ये काय केलं जातं

सगळ्यात आधी साफसफाई. ड्रम सेटवर आठ-दहा माइक असतात आणि टॉमचे माइक गाण्यातला बहुतांश वेळ रिकामे बसलेले असतात. रिकामे म्हणजे शांत नव्हेत. शेजारची स्नेअर वाजली की टॉमचं कातडं थरथरतं, वरची सिम्बल त्याच माइकमध्ये शिरते. हे सगळं गाणंभर मागे गढूळपणा करत राहतं. त्यामुळे टॉम वाजलेल्या जागा सोडून बाकीचा ट्रॅक कापून टाकायचा. गेट लावूनही हे होतं, पण तो कधी हलका फटका गिळतो तर कधी सिम्बलला फसून भलत्या वेळी उघडतो. गाण्यात फिल असतात किती, दहा-बारा? हाताने कापायला अर्धा तास लागतो आणि शेपूट किती लांब ठेवायचं ते कानाने ठरवता येतं.

दुसरी गोष्ट फेज. हा शब्द बघून बरेच जण पुढे जातात, पण पातळ वाजणाऱ्या टॉम्सचं कारण पुष्कळदा हेच निघतं. टॉमचा एक माइक त्याच्या अगदी जवळ असतो आणि ओव्हरहेड म्हणजे वरून टांगलेले माइक साधारण मीटरभर लांब. आवाजाला एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे एकच फटका दोनदा रेकॉर्ड होतो, किंचित मागे-पुढे. एका माइकमध्ये आवाजाची लाट वर जात असताना दुसऱ्यात खाली येत असेल, तर दोन्ही एकमेकींना खोडतात, आणि सगळ्यात आधी मार बसतो खालच्या घुमाऱ्याला. उपाय एका बटणाचा आहे. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकची पोलॅरिटी उलटी करणारं बटण असतं. ते दाबून बघायचं आणि ज्यात टॉम जाड ऐकू येईल ते ठेवायचं. हे न करता इक्वलायझरने बास वाढवत बसणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी ओतणं.

त्यानंतर इक्वलायझर. इथे वाढवण्यापेक्षा कापण्याचा उपयोग जास्त. मधल्या डब्याच्या पट्ट्यातून बऱ्यापैकी आवाज काढला, की खालचा घुमारा आणि वरचा 'टक्' आपोआप मोकळे होतात. मग लागेल तेवढी वाढ. आकडे मात्र कुठूनही उचलून लावू नयेत, प्रत्येक टॉम वेगळा असतो.

टॉम्स डावीकडून उजवीकडे पसरवायचे हे सगळ्यांना माहीत असतं. फक्त ओव्हरहेडमध्ये फ्लोअर टॉम उजवीकडे ऐकू येत असेल आणि त्याचा स्वतःचा ट्रॅक डावीकडे ढकलला असेल, तर ड्रमरचे हात चुकीच्या दिशेला धावताना ऐकू येतात.

आता मुख्य भाग, ऑटोमेशन. म्हणजे गाणं चालू असताना ठरावीक जागी फेडर आपोआप हलेल असं लिहून ठेवणं. पूर्वी हे काम माणसं हाताने करायची, एका कन्सोलवर दोघं-तिघं वाकून. फिलच्या जागी टॉम्स १ ते ३ डेसिबल वर जातात. खोलीचे माइक असतील तर तेही त्याच क्षणी वर येतात, जणू फिलपुरती खोली मोठी झाली. आणि त्याच वेळी गिटार साधारण १ डेसिबल खाली. हा एक डेसिबल कुणाच्या लक्षातही येत नाही, श्रोत्याला फक्त ड्रम्स वाढल्यासारखे वाटतात. गायकाच्या शेवटच्या शब्दावरचा एको फिलवर लोळत असेल तर तो कापायचा.

याहून जालीम उपाय मिक्सिंगच्याही आधीचा आहे. फिल सुरू होण्याआधी गिटारवाल्याने अर्धा ठोका हात तारांवर ठेवून आवाज बंद करायचा. त्या इवल्याशा शांततेने जे होतं ते दहा प्लगइन्सनी होत नाही. हे सांगितलं की गिटारवाले नाराज होतात, तो वेगळा विषय.

खोली, आणि खोलीचं सोंग

लेड झेपेलिनच्या 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'मधले ड्रम्स आजही उदाहरण म्हणून दिले जातात. १९७१ च्या अल्बममधलं हे गाणं इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या वास्तूत रेकॉर्ड झालं. जॉन बॉनमचा ड्रम सेट जिन्याखालच्या उंच दालनात ठेवला आणि इंजिनिअर अँडी जॉन्सने वरच्या मजल्यावरून दोन माइक खाली सोडले. एकेका ड्रमला चिकटवलेले माइक नाहीतच. खोली चांगली असली की ती निम्मं काम करते.

दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये रेकॉर्ड करणाऱ्याने काय करायचं? तिथे सोंग आणावं लागतं आणि त्यात कमीपणा नाही. निर्वाणाच्या १९९१ च्या 'नेव्हरमाइंड'मध्ये, म्हणजे रांगडेपणासाठी ओळखल्या जाणाऱ्या अल्बममध्येही, मिक्स करणाऱ्या अँडी वॉलेसने डेव्ह ग्रोलच्या ड्रम्सच्या मागे सॅम्पलच्या मदतीने रिव्हर्ब चढवला होता. त्यावर कर्ट कोबेनने नंतर तक्रारही केली की अल्बम फारच गुळगुळीत वाजतो. तरीही 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट'च्या सुरुवातीला, एकट्या गिटारनंतर येणारे ते ड्रमचे फटके ऐकले की तक्रारीपेक्षा मिक्सच आठवतो.

दुसरा स्वस्त मार्ग म्हणजे पॅरलल कॉम्प्रेशन. ड्रम्सची एक प्रत काढायची, तिला कॉम्प्रेसरने पार चेपून टाकायचं आणि मूळ ड्रम्सच्या खाली हळूच मिसळायची. मूळ फटक्याची धार शाबूत राहते, खालून भरीवपणा येतो. टाउनहाउसच्या छतावरच्या माइकने जे केलं, त्याचंच हे घरगुती रूप. प्रत ऐकू यायला लागली की एक पायरी खाली यायचं.

सगळं जमलं, आणि शेवटी लिमिटरने खाल्लं

फिल मारला जाण्याची शेवटची जागा म्हणजे मास्टर ट्रॅकवरचा लिमिटर. गाणं इतरांपेक्षा मोठं वाजावं म्हणून लोक तो चढवतात. लिमिटर एक छत आखतो, त्याच्या वर काही जाऊ देत नाही. आता कडवंच छताला टेकलेलं असेल तर फिलने जायचं कुठे? तो वर उसळतो, लिमिटर सगळं गाणं खाली दाबतो, आणि जिथे दणका हवा तिथे गाणं आक्रसल्यासारखं होतं.

मेटालिकाच्या २००८ च्या 'डेथ मॅग्नेटिक'वर नेमकी हीच ओरड झाली. अल्बम इतका चेपलेला होता की ड्रम्स फाटल्यासारखे वाजत होते. त्याच सुमारास 'गिटार हिरो' या व्हिडिओ गेममध्ये हीच गाणी कमी चेपलेल्या रूपात आली आणि चाहत्यांना फरक उघड दिसला. अल्बम पुन्हा मिक्स करावा म्हणून हजारो लोकांनी ऑनलाइन अर्जावर सह्या केल्या. जगातल्या सगळ्यात श्रीमंत बँडपैकी एकाच्या बाबतीत हे होऊ शकतं, तर बाकीच्यांनी सावध राहिलेलं बरं.

गंमत म्हणजे आता या चेपाचेपीचा फायदाही उरलेला नाही. स्पॉटिफायसारखी ॲप सगळी गाणी साधारण एकाच पातळीवर आणून वाजवतात. स्पॉटिफायची नेहमीची पातळी आहे उणे १४ एलयूएफएस. गाणं त्याहून मोठं पाठवलं तर ॲप त्याचा आवाज कमी करतं. मोठेपणा गेला तो गेला, वर चेपलेला फिल तसाच राहिला.

आणि हे सगळं शेवटी ऐकलं जाणार कुठे? फोनवर, रील्समध्ये. फोनच्या इवल्या स्पीकरमधून ८० हर्ट्झचा घुमारा बाहेर पडतच नाही. तिथे फिल जिवंत ठेवतो तो काठीचा 'टक्' आणि घुमाऱ्याच्या वरचे सूर. त्यासाठी बरेच जण टॉम्सवर थोडं डिस्टॉर्शन लावतात. त्यातून वरचे सूर तयार होतात आणि खालचा आवाज नसतानाही कानाला तो असल्यासारखा वाटतो. मिक्स संपल्यावर फाइल फोनवर पाठवायची, आवाज अगदी बारीक ठेवायचा आणि फोन टेबलावर ठेवून स्वयंपाकघरात जायचं. तिथून फिल कळला, तर काम झालं. नाही कळला, तर टॉम्सचा फेडर वर ढकलण्याआधी गिटारचा थोडा खाली आणून बघायचा.